नात्याचा रकाना

चंद्रशेखर मकासरे पेन उसनं द्यायचे, पण टोपण स्वतःजवळ ठेवायचे. बिनटोपणाचं पेन कोणी खिशाला लावत नाही, त्यामुळे ते परत येतं, हा त्यांचा बावीस वर्षांचा सरकारी अनुभव. सीबीडी बेलापूरच्या एका कार्यालयात ते आवक-जावकच्या टेबलावर बसत. अर्जातला एक रकाना रिकामा दिसला की अर्ज परत. रकान्यात खोटं दिसलं की अर्ज परत आणि वर पाच मिनिटांचं भाषण. ऑफिसातली पोरं त्यांना मागून 'फादर' म्हणत, आणि ते काही ख्रिस्ती असण्यामुळे नव्हे.

असा हा माणूस त्या रविवारी दुपारी सरकारी दवाखान्याच्या वॉर्डात हातात टोपण धरून उभा राहिला, आणि त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या बायकोने सरकारी कागदावर धडधडीत खोटं लिहिलं. पेन अर्थातच यांचं होतं.

मकासरे मूळचे नगरकडचे. नेरुळला तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत नवराबायको राहत. मूलबाळ नव्हतं. रंजिता बालवाडी चालवायची. दर रविवारी चर्चमधली उपासना आटोपली की दोघं केळी आणि बिस्किटांचे पुडे घेऊन पनवेलकडच्या त्या दवाखान्यात जात. ज्यांना भेटायला कोणी येत नाही त्यांच्याशी चार शब्द बोलत, वाटलं तर उशाशी उभं राहून प्रार्थना करत आणि पाचच्या आत घरी परतत. देवाचं कामही वेळेत झालेलं चंद्रशेखरांना आवडायचं.

त्या दिवशी कोपऱ्यातल्या खाटेवरच्या पाटीवर नावाच्या जागी 'अनोळखी स्त्री, वय अंदाजे ६५' एवढंच होतं. बाजारात सुकी मासळी विकता विकता बाई कोसळली होती. कोणीतरी रिक्षात घालून आणून सोडलं आणि निघून गेलं. पायाला कधीतरी काटा लागलेला, अंगात साखर, त्यात जखम चिघळून पाय घोट्यापर्यंत काळा पडलेला. तापात ती नुसती बरळत होती. नुकत्याच ड्यूटीवर आलेल्या डॉक्टर उझमा हातात फाइल घेऊन इकडेतिकडे बघत होत्या.

"यांचं कोणी आहे का इथे?" त्यांनी विचारलं. "पाय गुडघ्याखालून काढावा लागणार, आत्ताच. दोन सीनियर डॉक्टरांच्या सह्यांवरही करता येतं, पण त्यातले एक सर दुसऱ्या ऑपरेशनला उभे आहेत, संध्याकाळपर्यंत सुटायचे नाहीत. तोवर विष वर चढेल. घरचं कोणी असतं तर पंधरा मिनिटांत आत घेतलं असतं."

रंजिताने केळ्यांची पिशवी खाली ठेवली.

"मी आहे," ती म्हणाली.

"तुम्ही कोण?"

"मुलगी."

डॉक्टरांनी फॉर्म पुढे केला. रंजिताने नवऱ्याकडे न बघताच हात मागे पसरला. "अहो, पेन द्या."

इथेच सगळं थांबवता आलं असतं. 'ही मुलगी नव्हे' एवढे तीन शब्द पुरले असते, आणि अशी वाक्यं तर चंद्रशेखर रोज दहा वेळा बोलत. पण खाटेवरची बाई कण्हली. त्यांनी टोपण काढलं आणि पेन बायकोच्या हातात ठेवलं. तिने नाव लिहिलं, 'रुग्णाशी नाते' या रकान्यात 'मुलगी' लिहिलं, सही केली. दहा मिनिटांत खाट रिकामी झाली. टोपण मात्र यांच्या मुठीतच राहिलं, आणि गडबडीत पेन कुठे गेलं ते कळलं नाही.

परतीच्या बसमध्ये, खारघर आल्यावर, चंद्रशेखरांनी विषय काढला.

"हा गुन्हा आहे, रंजिता."

"हो."

"तुरुंगात जाशील. माझी नोकरी जाईल."

"ठाऊक आहे." ती खिडकीबाहेर बघत होती. "बालवाडीत पोर पडलं की मी आधी उचलते हो. कोणाचं आहे ते मग विचारते. दुसरं काही सुचलंच नाही मला."

"उद्या जाऊन मी खरं सांगतो."

"सांगा. पण ती वाचली का ते आधी विचारा."

ती वाचली. चंद्रशेखरांनी मात्र सोमवारी सांगितलं नाही, मंगळवारीही नाही. ऑफिसात त्यांनी तीन दिवसांत एकही अर्ज परत केला नाही. शेजारच्या टेबलवाल्याने 'तब्येत बरी आहे ना?' म्हणून विचारलं. रंजिता रोज बालवाडी सुटली की दवाखान्यात जायची, बाईचं अंग पुसायची, पेज भरवायची. ताप उतरला तशी बाई डोळे उघडून टकमक बघायला लागली. बोलायची मात्र नाही. नाव विचारलं की भिंतीकडे तोंड करायची.

शुक्रवारी सकाळी डॉक्टर उझमांचा फोन आला. "ताई, लगेच या. पेशंटचा पुतण्या आलाय. सोबत पोलीस आहेत." मग त्यांनी विचारलं, "तुम्ही मला खोटं सांगितलंत?"

चंद्रशेखर अर्ध्या दिवसाची रजा टाकून धावले. दोघं वॉर्डात शिरली तेव्हा खाटेभोवती पाच-सहा जण उभे होते. मधोमध पांढरा शर्ट, हातात सोन्याचं कडं घातलेला धिप्पाड माणूस. सारसोळ्याचा कमळाकर. म्हणजे मकासऱ्यांच्या घरापासून पायी पंधरा मिनिटांवरचा. त्याची काकी सगुणा आठ दिवस घरी आली नव्हती. भांडून एकटी राहायची, बाजारासाठी कुठेकुठे फिरायची, म्हणून पहिले चार दिवस कोणी शोधलंही नव्हतं. त्याची लाज त्याला होतीच, आणि लाजेचा राग दुसऱ्यावर काढणं केव्हाही सोपं.

"हीच का ती?" तो गरजला. "माझ्या काकीला पोरबाल काय नाय. मंग ही पोरगी कुठशी पैदा झाली?"

"दादा, ह्ये बघ." त्याच्याबरोबरच्या एकाने उशाशेजारचं पुस्तक उचललं. रंजिताचा छोटा नवा करार. "आधी पाय कापला. आता देव बी बदलतील."

पलीकडच्या खाटेजवळच्या नातेवाइकांनी मोबाइल वर धरले. चंद्रशेखरांना पुढचं दिसायला लागलं. उद्या हे गावभर होईल, परवा चर्चच्या दारात माणसं उभी राहतील, आणि सगळं एका शब्दापायी.

हवालदार वयस्कर होता. त्याने ते पुस्तक काढून घेतलं, खाटेवर ठेवलं आणि फॉर्म वर धरला. "मॅडम, ही सही तुमची?"

"माझी."

"मुलगी आहात यांची?"

"नाही."

"मग खोटं लिहिलंत." हवालदार चंद्रशेखरांकडे वळला. गळ्यातलं ओळखपत्र त्याने वाचलं आणि आवाज थोडा उतरवला. "साहेब, तुम्ही सरकारी माणूस. तुम्ही तेव्हा बाहेर असाल. केळीबिळी आणायला. नाही का?"

सुटकेचं दार उघडं होतं. नुसती मान हलवायची होती. तेवढ्याने नोकरी वाचली असती, आणि रंजितानेही एका शब्दाने तक्रार केली नसती, हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्याचीच त्यांना भयंकर शरम वाटली. त्यांनी खिशातून टोपण काढून हवालदारापुढे धरलं.

"मी शेजारीच उभा होतो," ते म्हणाले. "खोटं आहे हे मला माहीत होतं. पेन मी दिलं."

रंजिताने रविवारनंतर पहिल्यांदा त्यांच्याकडे सरळ बघितलं.

"मग दोघांनाही यावं लागेल." हवालदार सुस्कारा टाकून खाटेकडे वळला. "आता पेशंट काय म्हणते त्यावर आहे. आजी, ऐकू येतं ना? ही बाई तुमची कोण?"

सगुणा छताकडे बघत होती. पाच दिवसांत पहिल्यांदा तिचं तोंड उघडलं.

"कोनी नाय."

"तुम्हाला मुलगी नाही?"

"मना पोर झालीच नाय. हिनं खोटं लिवलं."

हवालदाराने लिहून घेतलं. कमळाकरने मान डोलावली. सगुणाने अंगावरची चादर फेकून दिली आणि बँडेज बांधलेल्या अर्ध्या पायावर हात आपटला.

"माझा पाय गेला. मना इचारलं व्हतं का कोनी?"

"आई, तुम्ही शुद्धीवर नव्हतात," रंजिता म्हणाली.

"आई मनू नको."

"आजी, नाहीतर तुम्ही वाचला नसतात," डॉक्टर उझमा म्हणाल्या.

"तुला इचारत नाय मी. हिला इचारते."

रंजिताच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. इतके दिवस तिने स्वतःला एकच समजावलं होतं, की जीव वाचला. पायाचा हिशेब तिने केलाच नव्हता. शुद्धीवर आल्यावरसुद्धा, रोज अंग पुसताना, पाय कुणी आणि का काढला हे तिने या बाईला सांगितलं नव्हतं. "नाही विचारलं," ती म्हणाली. "नंतर सांगायलाही भ्यायले. चुकलं माझं."

"तक्रार द्यायची का आजी?" हवालदाराने विचारलं.

"द्याची."

हवालदाराने पेन उचललं.

"पन तुज्याकडं नाय," सगुणा हवालदाराला म्हणाली. "तू हिला नेशील, कोंडशील. मंग मना कोन उचलंल? ह्यो?" तिने कमळाकरकडे बोट केलं.

"काकी, घरी चल ना. मी बाई ठेवतो तुला."

"पाय व्हता तवा तुज्या घरी आली नाय. आता काय येनार?" ती रंजिताकडे वळली. "पोर लिवलंस ना कागदावर? मंग आता पलायचं नाय. मी तुज्याकडं येनार."

कमळाकर खालच्या आवाजात म्हणाला, "काकी, ती किरिस्ताव हाय."

"मना डोले हायत." सगुणाने चंद्रशेखरांना हाताने जवळ बोलावलं. "तू लिवनारा दिसतोस. लिव. मना इचारल्याबिगर कोनी हात लावायचा नाय. तुमची प्रार्थना तुमी करा, माझ्या डोक्याशी नको. पायजे तवा मीच सांगन. आनी जेवाला म्हावरं. रोज."

चंद्रशेखरांनी डॉक्टरांचं पेन मागून घेतलं आणि एका कोऱ्या फॉर्मच्या मागच्या बाजूला तीन अटी सुवाच्य अक्षरात लिहिल्या, वाचून दाखवल्या आणि सवयीने कागद तिच्यापुढे अंगठ्यासाठी धरला.

"मी कशाला? तुमी करा सही. दोघाईंनी."

दोघांनी केली. साक्षीदार म्हणून कमळाकरने केली. "दर आठवड्याला येऊन बघनार मी," त्याने दम दिला. हवालदाराने जबाबाखाली 'पेशंटची तक्रार नाही' असं लिहिलं, आणि हे लिहिताना त्याच्या मिशीखाली काहीतरी हललं.

सगुणा नेरुळच्या दोन खोल्यांत आली. आली ती पाहुणी म्हणून नव्हे, वसुलीला आल्यासारखी. मासळी नीट साफ झाली नाही म्हणून रंजिताला बोलायची, चंद्रशेखरांना पेपर मोठ्याने वाचायला लावायची. दीड महिन्याने डॉक्टर उझमांचा चाचरत फोन आला. आणखी एक म्हातारा, बेवारस, डिस्चार्जला आलेला. रंजिताने नवऱ्याकडे बघितलं.

"आणू," चंद्रशेखर म्हणाले. "पण आता रकान्यात खोटं लिहायचं नाही."

"नोंदणी झालेली संस्था असली तर नातं लिहावंच लागत नाही," डॉक्टर फोनवर म्हणाल्या. "शिक्का चालतो."

बेवारस रुग्णांना सांभाळणारी संस्था निघाली ती अशी, शिक्क्यासाठी. चंद्रशेखरांनी अर्ज भरला आणि तो परत आला. एक रकाना अपूर्ण! ऑफिसने त्या दिवशी पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. दुसऱ्या खेपेला मंजूर झाला. कमळाकरने शिरवण्यातल्या आपल्या चाळीच्या चार खोल्या उघडून दिल्या, 'काकीच्या कटकटीपायी' असं म्हणत. नियमावलीचं पहिलं कलम सगुणाने सांगितलेलं होतं, की विचारल्याशिवाय कोणाला हात लावायचा नाही आणि कोणाच्या डोक्याशी प्रार्थना करायची नाही. चर्चचे पाळक नाराज झाले. "हे कसलं मिशन?" असं त्यांनी भर सभेत विचारलं. मिशनच्या नावाने मदतीला उभी राहिलेली चर्चमधली निम्मी माणसं त्यानंतर यायची बंद झाली. ते दिवस फार कठीण गेले. पण कलम तसंच राहिलं.

तीन वर्षांनी एका सकाळी सगुणाने रंजिताला जवळ बोलावलं. श्वास लागत होता.

"तू देवाकडं माझ्यासाठी काय मागतेस गं?"

"तुम्ही सांगितल्याशिवाय काही मागत नाही."

"मंग आज माग. पाय नको मागू. तो काय येत नाय." मग ती म्हणाली, "हात लाव. चालंल."

दुपारी ती गेली. स्मशानात कमळाकरने अग्नी दिला. दोघं नवराबायको मागे हात जोडून उभी राहिली. मग तिथल्या माणसाने नोंदवही उघडली आणि 'माहिती देणाऱ्याचे मृताशी नाते' या रकान्यावर बोट ठेवलं. कमळाकरने वही चंद्रशेखरांकडे सरकवली. "तुमीच लिवा, साहेब."

चंद्रशेखरांनी खिशातलं पेन काढलं. टोपण काढून डाव्या मुठीत धरलं. रकान्याकडे क्षणभर बघितलं आणि एका दमात लिहिलं, 'जावई'.

"नीट बघून घ्या हं," नोंदवहीवाला म्हणाला. "नंतर खोडता येत नाही."

चंद्रशेखरांनी बघितलं, रोज अर्ज तपासत तसं, शब्दावर बोट ठेवून.

"बरोबर आहे," ते म्हणाले.