पट्टा आधी की गज आधी?

मित्रांनो, माझ्याकडे बघून हसू नका. मी ठासणीची जुनी बंदूक आहे, आणि माझं वय माझ्या मालकाहूनही जास्त आहे. माझी नळी कुठल्या भट्टीत तापली ते मला ठाऊक नाही. पण माझा शिसवी दस्ता हिंगोलीच्या सुताराने कोरला तेव्हा निजामाचं राज्य होतं. पेमा नाईकाने मला घेतलं आणि कळमनुरीच्या वाटेवरच्या आपल्या तांड्यात आणलं. त्या दिवशी अख्खा तांडा मला बघायला जमला होता. अशी मी! आताच्या दोन नळ्यांच्या चकचकीत बंदुकांनी माझ्यापुढे तोंड उघडू नये.

पेमा नाईक शिकलेला नव्हता, पण अक्कल त्याच्याजवळ पोतंभर होती. मला भरायची तर नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, वर चिंधीचा बोळा, मग छर्रे, वर पुन्हा बोळा. हे सगळं ठासायला लोखंडाची लांब सळई लागते. तिला गज म्हणतात. पेमाने माझ्या गजावर कानशीने एक रेघ पाडली होती. नळी रिकामी असली की गज तळापर्यंत जायचा आणि रेघ बराबर माझ्या ओठाशी यायची. नळी भरलेली असली की रेघ चार बोटं वर राहायची. घरातल्या माणसाने मला खुंटीवरून काढलं की पहिलं काम गज आत सोडायचं. त्याला ते 'पोट मोजणं' म्हणायचे. पोट मोजल्याशिवाय पेमा कुणाला मला भरू देत नसे. स्वतःच्या सासऱ्यालाही नाही!

मी कितीतरी पिकं राखली. रानडुकरं नुसती माझ्या आवाजाने पळायची. दसऱ्याला मला झेंडूचा हार पडायचा. पेमा गेला, त्याचा लेक अमरसिंग माझा मालक झाला, आणि तोवर सगळं सुखाचं होतं.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. विहिरीचा गाळ काढताना रहाटाचा कणा मोडला. अमरसिंगचा लेक उत्तमसिंग घाईत घरी आला आणि माझा गज काढून घेऊन गेला. कण्याच्या जागी घातला. संध्याकाळपर्यंत गजाचे दोन तुकडे झाले होते. पाण्यापुढे गजाचं कोण रडतं? मीही रडले नाही. पण त्या दिवसापासून माझ्या पोटात काय आहे ते कुणाला नीट कळेनासं झालं.

गजाच्या जागी बांबू आला. कुंपणातून उपसलेला. आज एक, उद्या दुसरा. एक आखूड, एक वाकडा, आणि रेघ कुणालाच नाही. मला भरलेलं कुणाच्या ध्यानात असलं तर असलं. एकदा पुसेगावकडून आलेला पाहुणा चहा पिता पिता सांगत होता की तिकडे एकाच्या बंदुकीत चुकून दोनदा दारू भरली गेली. नळी फुटली आणि माणसाची तीन बोटं गेली. पाहुणा चहा पिऊन निघून गेला. मी मात्र खुंटीवर लटकल्या लटकल्या थंड पडले.

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. दिवाळीच्या आधी अमरसिंगने एक बकरं विकलं. घरखर्च जाऊन माझ्यासाठी थोडे पैसे निघाले, पण ते एकाच वस्तूपुरते होते. आणि माझ्या तर तीन गोष्टी गेलेल्या. गज मोडला होता. कातड्याचा पट्टा कुजून तुटला होता, म्हणून मला सुतळीने टांगत. आणि नेम धरायला नळीच्या टोकाशी जो पितळी ठिपका असतो, ज्याला माशी म्हणतात, ती पडून हरवली होती. तिथे अमरसिंगने मेणाची गोळी चिकटवली होती.

ओट्यावर बसून घरातल्यांची बोलाचाली सुरू झाली. मी आत खुंटीवर कान देऊन होते.

"माशी बसवू," अमरसिंग म्हणाला. "मला आता दिसून न्हाई राहिलं. मेण उन्हात वितळते."

"बापू, डुकरं काय माशी बघून पळतात?" उत्तमसिंग म्हणाला. "आवाजाला पळतात. पट्टा घ्या. दिवाळीनंतर परवान्यासाठी तहसिलीत न्यायची हाय. तिथं दहा गावचे लोक येतात."

अमरसिंगची बायको मोतीबाई चुलीपाशी भाकरी थापत होती. तिथूनच तिचा आवाज आला. तिचा आवाज माझ्याहून लांब जातो.

"मागच्या साली तहसिलीत एकजण काय म्हणला, सांगू का? म्हणे, पेमा नाईकाची बंदूक हाय का बाजारात आणलेली शेळी? सुतळीनं बांधून आणली! मी ऐकून घेतलं ते. यंदा न्हाई ऐकायची. पट्टा घ्या."

"अन् गज?" अमरसिंग हळूच म्हणाला.

"गजाला काय झालं?" उत्तमसिंग हसला. "बांबू फुकटचा हाय की. कुंपण भरून हाय."

इथे मला तुम्हाला एक खरं सांगायचं आहे, मित्रांनो. भीती मलाच सगळ्यात जास्त होती. पण पट्टा म्हटल्यावर माझंही मन पाघळलं. तहसिलीतल्या लिंबाखाली मला सुतळीने टांगलेलं बघून लोक हसले, ते मीही ऐकलं होतं. मनात म्हटलं, गज काय, पुढच्या बकऱ्याला घेतील. आधी पट्टाच येऊ दे.

पट्टा आला. तांबूस कातड्याचा, पितळी कडीचा. मोतीबाईने त्याला तेल चोळलं. तीन दिवस मी नुसती मिरवत होते.

चौथ्या दिवशी तिन्हीसांजेला अमरसिंगने मला भरलं. अंगात ताप होता, तरी ज्वारीची खुडणी सुरू असल्यामुळे बंदूक तयार पाहिजे होती. मोतीबाईने आपल्या जुन्या फेटियातून चार चिंध्या फाडून दिल्या. आरसे जडवलेला तिचा तो घेरदार घागरा आता बोळ्यांच्याच कामाचा उरला होता. दोन चिंध्या माझ्या पोटात गेल्या. उरलेल्या दोन तिने कोनाड्यात ठेवल्या. अमरसिंगने मला खुंटीला अडकवलं आणि घोंगडी ओढून पडला. पहाटे ताप उतरला तसा तो कुणाला न उठवता खुडणीला निघून गेला.

उजाडल्यावर उत्तमसिंग सासुरवाडीहून परत आला. त्याची बायको नीलाबाई अंगण झाडत होती. बापूला रात्री ताप होता हे तिने सांगितलं. उत्तमसिंगला वाटलं, तापात बापूने बंदूक कशाला भरली असेल? त्याने मला खाली काढलं. पट्ट्यावरून एकदा हात फिरवला. मग बंदुकीची दारू ठेवायचं शिंग माझ्या तोंडाशी आणलं.

मी भरलेली आहे रे बाबा! अरे, आधी माझं पोट मोज!

कोणाला ऐकू जाणार? दारू आत पडली. बोळा पडला. छर्रे पडले. कोनाड्यातली दुसरी चिंधीही वर बसली. बांबू अर्ध्यावरच अडला, पण तो काल तोडलेला नवा बांबू होता. किती आत जायला पाहिजे ते त्यालाच ठाऊक नव्हतं, तर तो उत्तमसिंगला काय सांगणार? त्याने दोन ठोसे दिले आणि मला खांद्याला लावून शेताकडे निघाला. पोटात दोन माणसांचं जेवण घेऊन मी पहिल्यांदाच माझ्या नळीची जाडी मोजत होते. नळी म्हातारी. आतून गंजाने खाल्लेली. चालताना प्रत्येक ढेकळावर माझा जीव वर येत होता.

शेतात ज्वारीचा शेवटचा तुकडा उभा होता आणि त्यात डुकरं दडली होती. धाटं हलत होती. "आण इकडं," अमरसिंग म्हणाला. "तू पल्याडून हाकल." त्याने मला घेतलं, ठिणगी पाडणारी तांब्याची टोपी बसवली, तिच्यावर आपटणारा घोडा मागे ओढला आणि गाल माझ्या दस्त्याला लावला. त्याचा गाल अजून कोमट होता. लहानपणी हाच गाल तो माझ्या दस्त्यावर ठेवून झोपायचा. आणि आता त्याच गालापासून वीतभर अंतरावर मी फुटणार होते.

घरी काय झालं ते मला नंतर कळलं, कारण मोतीबाईने ते शंभरदा सांगितलं आहे. दिव्याची काच पुसायला तिने कोनाड्यात हात घातला तर कोनाडा रिकामा.

"नीला, चिंध्या तू घेतल्या काय?"

"मी काहून घेऊ, याडी?" तांड्यात आईला याडी म्हणतात, नीला सासूलाही तेच म्हणते. "त्यांनी बंदूक भरली."

"कवा?"

"आत्ता. जाताना."

मोतीबाई पुढचं ऐकायला थांबली नाही. साठीची बाई, पायात जड वाळे, ढेकळांतून धावत सुटली. आम्हाला आधी तिचे वाळे ऐकू आले आणि मग तिचा आवाज.

"उत्तमचे बापू! चाप ओढू नका! दोनदा भरली हाय! दोनदा!"

अमरसिंगचं बोट चापावर होतं. मी लोखंडाची आहे, पण त्या क्षणी मी पाणी झाले. त्याने बोट काढलं. मग अंगठ्याच्या नखाने टोपी हळूच उचलून धुळीत टाकली आणि घोडा सावकाश उतरवला. तेवढ्यात डुकरं ज्वारी तुडवत पल्याडून निघून गेली. त्यांच्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही.

"मला वाटलं बापू आजारी..." उत्तमसिंग म्हणाला.

"तुला वाटलं, त्यांना वाटलं," मोतीबाई धापा टाकत म्हणाली. "बंदुकीला कुणी इचारलं काय?"

अमरसिंगने एक सरळ धाट सोललं, बाहेरून नळीला लावून तळापर्यंतचं माप घेतलं आणि नखाने खूण केली. मग ते नळीत सोडलं. खूण आठ बोटं वर राहिली. तिघंही त्या आठ बोटांकडे बघत राहिले. अमरसिंगने घागरीतलं पाणी माझ्या नळीत ओतलं. दारू भिजली, आणि मी निवले.

पट्टा हवा असं कोण म्हणालं होतं, हे मोतीबाईने तोंडाने कबूल केलं नाही. ती बाई तसली नाही. तिने फक्त पट्टा सोडला, मला गोधडीत गुंडाळलं आणि बाजाराच्या दिवशी कळमनुरीला ग्यानोबा लोहाराच्या भट्टीवर जाऊन उभी राहिली.

"पट्टा घे अन् गज दे," ती म्हणाली. "अन् हिच्या पोटातलं काढून दे."

"बाई, मी पट्ट्याचं काय करू? भात्याला बांधू?"

"बांध. भाता तरी सरळ फुंकशील."

ग्यानोबा हसला आणि कामाला लागला. पीळ दिलेल्या तारेने त्याने चार बोळे ओढून काढले, छर्रे झाडले, नळी धुतली. नवा गज घडवला. रेघ पाडली तेव्हा मोतीबाईने गज हातात घेतला, डोळे मिटले आणि बोट फिरवलं.

"आणखी खोल पाड," ती म्हणाली. "आमच्या घरात नजर कुणाची धड न्हाई. बोटाला लागली पायजे."

दिवाळीनंतर मी तहसिलीत गेले ती सुतळीनेच. लोक हसले. मला लाज वाटली का? वाटली, कशाला खोटं बोलू! मोतीबाई सोबत आली होती. हसणाऱ्याकडे तिने असं पाहिलं की त्याने तोंड फिरवून तंबाखू मळायला घेतली. मला टेबलावर ठेवायच्या आधी उत्तमसिंगने गज आत सोडला. तळाशी टण् झालं आणि रेघ ओठाशी आली.

तरी माझी काळजी संपलेली नाही, मित्रांनो. अमरसिंग थकत चालला आहे. माशीच्या जागी अजून मेणच आहे. उद्या मला कोण खुंटीवरून काढेल, आणि गज कुणी पुन्हा कशाला उपसून नेईल, कोण जाणे. तुमच्या घरी माझ्यासारखं जुनं, मुकं काही असेल तर त्याच्यासाठी चार पैसे खर्चताना लोक काय बघतील ते आधी धरू नका. आणि मला जो कोणी हातात घेईल त्याला माझा एवढा निरोप द्या: बाबा रे, आधी माझं पोट बघ, रूप मग बघ.