दुर्गेशच्या बोटावरचा आकडा

मी एक ऑक्सिमीटर. बोटाला चिमट्यासारखा लागतो आणि रक्तातला ऑक्सिजन सांगतो. गोंदियाच्या एका औषध दुकानातून प्रेमिलाताईनं मला आणलं. ती देवरीकडच्या आरोग्य उपकेंद्रात नर्स आहे.

तिचा धाकटा भाऊ दुर्गेश नागझिऱ्याच्या जंगलात गाईड होता. लडाखमधल्या एका खोल घळीच्या ट्रेकसाठी तो सहा महिने राबला. पाठीवर रेतीची पिशवी घेऊन रोज टेकडी चढायचा. बूट आधीच घालून मऊ केले, गरम कपडे जमवले. ताईचं मात्र समाधान होईना.

"पाय तयार झाले रे, पण तिथं हवाच पातळ राहते. लेहमध्ये दोन दिवस नुसता आराम करजो. डोकं दुखलं तर सांगजो. लपवजो नको."

"हो बाई, किती वेळा सांगशील?" तो हसला. ताईला तो बाईच म्हणायचा. तिनं मला त्याच्या सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवलं.

विमान दोन दिवस लांबलं. परतीची तिकिटं ठरलेली होती, म्हणून आरामाचे दिवस कापले गेले. खिंडीखालच्या तळावर दुर्गेशचं डोकं फुटायला आलं, जेवण जाईना. त्यानं मला बोटाला लावलं. मी एकाहत्तर दाखवलं. त्या उंचीवरही हा आकडा फार कमी होता.

गटातले वडीलधारे केशोराव शेजारीच होते. त्यांनी आकडा पाहिला.

"हे काय रे, दुर्गेश?"

"बोट गारठलं भाऊ. मशीन काय सांगन?"

थंड बोटावर मी चुकतो, हे खरं आहे. पण हात चोळून, ऊब देऊन पुन्हा तपासायला किती वेळ लागतो? दुर्गेशनं हातमोजा चढवला. केशोरावांनाही घळ बघायचीच होती. ते आपली सॅक आवरायला लागले. मी खिशात गेलो.

दुसऱ्या दिवशी खिंड ओलांडून सगळे घळीत उतरले. दोन्हीकडे सरळ कडे. दुपारी दुर्गेशची पावलं वाकडी पडू लागली. खोकल्यातून गुलाबी फेस आला, फुफ्फुसात पाणी भरत होतं. त्याला आणखी खाली न्यायला हवं होतं, पण पुढे पाण्यानं वाट अडवलेली. बाहेर पडायचं तर आधी पुन्हा खिंड चढायची. चौघांनी त्याला उचललं.

"बाईले सांगू नका," एवढंच तो पुटपुटला.

अर्ध्या चढावर केशोरावांनी मला त्याच्या बोटाला लावलं. बोट चोळलं, फुंकर मारली, पुन्हा लावलं. नाडीच उरली नव्हती, माझ्या पडद्यावर नुसत्या दोन रेघा आल्या.

परतल्यावर केशोरावांनी स्वतः दुर्गेशची सॅक ताईला आणून दिली, तळावरच्या आकड्याचंही सांगितलं. ताई त्यांना एकच बोलली, "तुम्ही पाह्यलं होतं ना भाऊ? मंग काऊन चालू देल्लं त्याले?"

आता मी उपकेंद्राच्या टेबलावर असतो. सेलचं झाकण तुटलंय, त्यावर चिकटपट्टी आहे. ताई मला खोकणाऱ्या म्हाताऱ्यांच्या बोटांना लावते आणि आकडा दोनदा वाचते.

तुम्ही डोंगरात जाणार असाल तर एवढं ऐका. मी फक्त आकडा दाखवतो. कुणाचा हात धरून त्याला मागे वळवणं मला जमत नाही. ते शेजारी चालणाऱ्यानं करायचं असतं.