करंगळीएवढा बंध

"मॅडम, हे हायड्रोजनचे बंध एवढे किरकोळ असतात, तर त्यातला एखादा तुटला म्हणून कुणाच्या बापाचं काय जातं?"

प्रश्न मैत्रिणींनी पैजेवर विचारायला लावला होता, 'बापाचं'सकट. वर्गाला प्रयोगशाळा दाखवणाऱ्या संशोधक बाईंनी चष्मा वर सरकवला. मागे मैत्रिणी एकमेकींच्या आड सरकल्या. घरीदारी सगळे जिला भिंगरी म्हणत, तिनं मात्र मान ताठच ठेवली.

"चांगला प्रश्न," बाई म्हणाल्या. "आठ जणी पुढे या."

पेशीच्या पातळ पडद्यात म्हणे प्रथिनं रुतून बसलेली असतात. बाहेर कुणी दार वाजवलं की आत कळवायचं, हे त्यांचं काम. बाईंनी आठ जणींना एका प्रथिनाच्या कड्या केलं आणि करंगळीत करंगळी अडकवून रांगेत उभं केलं. पहिलीनं पकड सोडून नवी धरली, तशी दुसरी वळली, मग तिसरी. हिसका सरकत सरकत आठवीपर्यंत पोचला.

"हायड्रोजनचा बंध असा, करंगळीएवढा. हात करकचून बांधले असते, तर कुणाला वळता आलं असतं? सुटतो, म्हणून निरोप पुढे जातो. आम्ही एकेक कडी काढतो आणि बघतो, निरोप कुठे अडतो."

पैज तर भिंगरीनं जिंकलीच, शिवाय सुट्टीत बाईंच्या हाताखाली शिकायचा अर्जही पटकावला. उद्या सकाळपर्यंत द्यायचा, आईबाबा दोघांच्या सह्यांनिशी.

इथेच घोडं पेंड खात होतं. कपाट कुठल्या भिंतीला लावायचं, यावरून घरात नऊ दिवस अबोला होता. कपाट खोलीच्या मधोमध आणि निरोपांची ने-आण भिंगरीकडे. दिवसभर पोस्टात परक्यांची पत्रं लावणारी आई घरात एक वाक्य थेट पाठवत नव्हती.

"त्यांना आधी करू दे सही," आई म्हणाली.

"तिची झाली की आण," घड्याळं दुरुस्त करणारे बाबा म्हणाले.

जेवायला बसताना भिंगरीनं तोंडात पाण्याची गुळणी धरली.

"बाबांना विचार, भात वाढू का," आई म्हणाली.

भिंगरी गप्प.

"आईला सांग, थोडाच."

गप्प. गाल फुगलेले.

"हिला काय झालंय?" बाबांनी विचारलं, आणि विचारायला समोर एकच माणूस होतं.

"मला काय माहीत? दाढ दुखत असेल. तुम्ही बघा."

"काल तर बरी होती. तुझी माफी घेऊन आली होती. अशी परस्पर माफी कुणी पाठवतं का, म्हणून तर मी जास्तच चिडलो."

"माझी माफी?" आईच्या हातातला भाताचा डाव हवेतच राहिला. "मी म्हटलं होतं, त्यांची अक्कल कुठल्या घड्याळात अडकली ते विचार. आणि तुम्ही म्हणे, कपाट माझ्या मनासारखं लावायला तयार."

"मी? मी म्हटलं होतं, कपाट डोक्यावर घेऊन बस म्हणावं."

दोन्ही माना एकदम वळल्या. नऊ दिवसांत पहिल्यांदाच दोघं एका बाजूला होते. दुसऱ्या बाजूला भिंगरी होती.

"थुंक ते पाणी," दोघं म्हणाले.

तिनं ते गिळलं. मग अर्ज ताटांच्या मधोमध ठेवला, त्यावर पेन.

"सुट्टीत मी प्रयोगशाळेत जाणार आहे," ती म्हणाली. "आणि निरोप पोचवायचं काम आजपासून बंद. कपाटाचं तुमचं तुम्ही बोला."