रजेतलं माप

मामाच्या वर्कशॉपच्या भिंतीवर, ड्रिल मशीनच्या उजव्या बाजूला, खडूच्या दोन आडव्या रेघा अजून आहेत. दोन्हींमध्ये अडीच इंचांचं अंतर. त्यानंतर वर्कशॉपला दोनदा रंग दिला. तेवढी जागा मामाने दोन्ही वेळा सोडायला लावली.

वरची रेघ बाबांनी काढली, ते ज्या वर्षी सैन्याचा बाद ट्रक लिलावात घेऊन आले त्या वर्षी. असेच ट्रक त्यांनी बावीस वर्षं चालवले होते. वर्षातले दोन महिने ते रजेवर घरी असत, उरलेले दहा महिने त्यांची पत्रं येत. पत्रात ठिकाण लिहायला मनाई होती. पाकिटाच्या मागे फक्त लष्करी टपालाचा एक आकडा असायचा आणि आत असं काहीतरी, की इथली नदी हिरवी आहे, किंवा समोरच्या डोंगरावर एकच झाड आहे. आईने सगळी पत्रं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली. बाबा निवृत्त झाले तेव्हा तिने एकच गोष्ट मागितली. पत्रं जिथून लिहिलीत त्या जागा मला दाखवा.

बाबा “नेतो” म्हणाले आणि त्यात सोळा वर्षं गेली. काही ठिकाणी बस जात नव्हती, आणि जिथे जात होती तिथे राहायची सोय नव्हती. शेवटी आई म्हणाली, “आता पुढच्या वर्षी नेतो म्हणू नका. पुढच्या वर्षी माझे गुडघे येणार नाहीत.”

बाबांना तो टोमणा समजला आणि महिन्याभरात ट्रक आणला. त्यावर फिरतं घर बांधायचं, रस्ता संपेल तिथूनही पुढे जाईल असं. आईला मात्र पूर्ण झाल्यावरच दाखवायचं. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ; ट्रक त्याच्या वर्कशॉपमध्ये उभा राहिला. वायरिंग माझ्याकडे आलं. सात महिने मी कामावरून सुटले की थेट तिथे जायचे.

पहिली खडाजंगी पहिल्याच आठवड्यात झाली. मामाला घराचा सांगाडा सरळ चेसिसवर, म्हणजे ट्रकच्या तळाच्या लोखंडी चौकटीवर, पक्का बसवायचा होता.

“बसव,” बाबा म्हणाले. “पहिल्या खड्ड्यात तुझे सगळे जोड उकलतील. ही गाडी अंग पिळते. एक चाक वर, एक खाली, मध्ये चेसिस पिळवटतं. घर तिच्यावर बांधायचं नाही, ठेवायचं. स्प्रिंगवर.”

“भावोजी, वेल्डिंग मी तीस वर्षं करतोय.”

“आणि ती मोडताना मी बावीस वर्षं पाहिलीत.”

सांगाडा स्प्रिंगवर बसला. बाबांचं बरोबर होतं, आणि तिथेच घोळ झाला. त्यानंतर त्यांच्या कुठल्याही मापावर शंका घ्यायची सोय राहिली नाही. ताडपत्रीच्या कमानी उतरल्या, भिंती उभ्या राहिल्या, हिरव्या रंगाखाली आणखी जुना हिरवा निघाला. बाबा त्यावरून अंगठा फिरवत आणि कुठल्या साली कुठला रंग होता ते सांगत. एवढं बोलताना मी त्यांना घरी कधी पाहिलं नव्हतं.

स्वयंपाकाच्या ओट्याची वेळ आली तेव्हा मामा म्हणाला, “काहीतरी निमित्त काढून ताईला इथे बोलवू, टेप लावू.”

“बायकोचं माप मला शिकवतोस?” बाबा भिंतीला टेकून उभे राहिले आणि कानाच्या पाळीशी खडू टेकवला. “ती इथे लागते.”

“तुम्ही गाडी चालवत होतात, भावोजी. ताई इथे आमच्याकडे होती.”

 बाबांनी तरी रेघ ओढली आणि तिच्यावरून ओटा बेतला. छत्तीस इंच.

रविवारी सकाळी आईला आणलं. मागच्या बाजूचा फाळका, म्हणजे ट्रकचं खाली सोडता येणारं दार, बाबांनी तसाच ठेवला होता. तो आडवा केला की घरापुढे ओटी होई. त्याला त्यांनी लोखंडी शिडी अडकवली. आईने ट्रकला एक फेरी मारली. टायरला हात लावून पाहिला. मग शिडीवर पाय टाकला, काढला, पुन्हा टाकला.

“ताई, हात दे. ओढतो,” वरून मामा म्हणाला.

“मी काय पोतं आहे?”

तरी तिने हात दिला. मामाने ओढलं, बाबांनी खालून रेटलं, आणि आई खांदा चोळत वर पोचली. आत जाऊन ओट्यापाशी उभी राहिली. ओटा तिच्या बरगड्यांना लागत होता. वरच्या फळीकडे तिने हात केला. बोटं खालीच राहिली.

“कोणासाठी बांधलंत हे?”

“तुझ्यासाठी,” बाबा म्हणाले.

“ही मी नाही. ही तुमच्या रजेतली बाई आहे. बत्तीस वर्षांची.” तिने ओट्यावरची धूळ पदराने पुसली. “छान केलंय. तिला न्या. मला खाली उतरवा.”

चार दिवस ट्रकचा विषय घरात निघाला नाही. बाबा वर्कशॉपमध्ये जात, पण फक्त बसून राहत. पाचव्या दिवशी मी निघाले तेव्हा आईने माझ्या हातात एक पाकीट दिलं. “त्यांना दे. त्यांचंच आहे.”

बाबांनी चष्मा लावला. अक्षर त्यांचंच होतं, शाई फिकटलेली. ते मोठ्याने वाचू लागले. “आज पुरातून म्हाताऱ्या बायकांना गाडीत घेतलं. नवी पोरं वरून हात धरून ओढत होती. मी थांबवलं. ओढलं की खांदा दुखावतो आणि माणूस घाबरतं. फाळका आडवा ठेवायचा, खाली तीन पेट्या पायऱ्यांसारख्या लावायच्या आणि आपण मागे उभं राहायचं. हात लावायचा नाही, फक्त जवळ धरायचा. एकोणीस जणी आपापल्या चढल्या.”

मामाने हातमोजे काढले.

“हे मला येत होतं,” बाबा म्हणाले.

“मग?”

“त्या म्हाताऱ्या होत्या.”

“आणि ताई कोण आहे, भावोजी?”

बाबांनी पत्राची घडी पूर्वीच्याच रेषांवर घातली. मग टेप खिशात टाकला आणि घरी गेले.

आई आली ती हातात पत्रांचा डबा घेऊनच. भिंतीला पाठ लावून उभी राहिली. बाबांनी या वेळी पट्टी डोक्यावर आडवी धरली आणि तिच्याखालून रेघ ओढली. दोघांनी वळून दोन्ही रेघा पाहिल्या.

“एवढी होते मी?” आईने वरच्या रेघेला बोट लावलं.

“होतीस.”

“पुसू बिसू नका हं ती.”

ओटा या वेळी तिच्या कोपरावरून बेतला, तो एकतीस इंचांवर आला, फळी खाली आली. मामाने जाड लाकडाच्या तीन पेट्या केल्या. आई एकेक पेटी चढली, प्रत्येक पेटीवर थांबून. बाबा मागे उभे होते, तळहात तिच्या पाठीपासून चार बोटं लांब. तो हात तिला लागला नाही.

फाळक्यावर बसून तिने डबा उघडला आणि सगळ्यात खालचं पाकीट काढलं.

“इथे न्या आधी.”

बाबा खालीच उभे होते. त्यांनी पाकीट हातात घेतलं, उलटं केलं, मागचा आकडा पाहिला. आतलं पत्र काढलंही नाही.

“हिरवी नदी,” ते म्हणाले आणि पेट्या उचलून आत ठेवायला लागले.