सुटं टिंब

सून भांडत नाही, ही मैनाबाईची तक्रार होती.

गावातल्या बाया ऐकून हसत. पण मैनाबाई ओसरीवर तूर पाखडता पाखडता पुन्हा पुन्हा तेच म्हणे, "हासा बाप्पा, हासा! भाजीत मीठ जास्त झालं म्हटलं तं हाओ. अळणी झाली म्हटलं तरी हाओ. अरे, भाजी एकच! अशा पोरीसंग सासूनं दिवस काढावा कसा?"

सलोनी ही तिच्या धाकट्या लेकाची, अंकुरची बायको. वणीच्या रस्त्यावर मोटारसायकल घसरली आणि अंकुर गेला, त्याला आता दुसरं साल लागलं होतं. लेकरूबाळ नव्हतं. सलोनी मधल्या खोलीत लॅपटॉप उघडून नागपूरच्या एका कंपनीचं काम करी, पगार होता, कोणावर भार नव्हता. नयनचं, म्हणजे मोठ्या नातवाचं लग्न आटोपलं की तिचा भाऊ मुकुटबनहून तिला कायमची न्यायला येणार होता. त्यानं बहिणीला विचारलं, ती "हाओ" म्हणाली. मैनाबाईला विचारलं, ती म्हणाली, "तिची मर्जी." त्या दिवसापासून मैनाबाईला भाकर गोड लागत नव्हती. पण "राह्य" एवढा शब्द काही तिच्या तोंडातून निघेना. उभ्या जन्मात तिनं कोणापुढे पदर पसरला नव्हता, आता सुनेपुढे पसरायचा?

सलोनीचं काम मोठं अजब होतं. माणूस म्हणजे एक टिंब, आणि दोन माणसांचं नातं म्हणजे टिंबाटिंबातली रेघ. असं जाळं विणायचं, त्याला म्हणायचं ग्राफ. असे ग्राफ ठेवायची जागा म्हणजे ग्राफ डेटाबेस. आणि त्याला हुकूम सोडायचे ते पायथन नावाच्या भाषेत. पायथन म्हणजे अजगर, असं नयननं सांगितल्यापासून मैनाबाई मधल्या खोलीला अजगराची खोली म्हणू लागली होती.

लग्न ठरलं तसं सलोनीनं सारं घराणंच त्या जाळ्यात घातलं. मैनाबाई सांगत गेली, ती टिंबं मांडत गेली. कोण कोणाचा जावई, कोणाची मोठी कोणाच्या घरात दिली, मैनाबाईला सारं तोंडपाठ. आपलं गोत काचेवर असं फुललेलं पाहून ती दोन दिवस ताठ मानेनं फिरली. मग तिनं फर्मान काढलं.

"पत्रिका मोबाइलवर धाडतं म्हणते नं? धाड. पण मेलेले काढून टाक. मागं एका लग्नात मेलेल्या माणसाच्या नावानं पत्रिका आलती, घरच्या बाया रडल्या. आपल्यात तसं नाई पाह्यजे."

सलोनीनं क्षणभर तिच्याकडे पाहिलं. "सगळे काढू, आई?"

"सगळे. मेलेल्यात काय लहानमोठे असतात?"

"हाओ, आई."

पत्रिका गेल्या. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी राजूरहून सत्यशीलाचा फोन आला. ती मैनाबाईची चुलत जाऊ. नवरा खाणीत होता, तो वारल्यावर एकटीच राहायची. तिलाही मूल नव्हतं.

"मैनाबाई, मी जिती हावो अजून!" ती फोनवर कडाडली. "पोराचं लग्न मले पानठेल्यावर समजावं? येवढी जड झाली काय मी?"

मैनाबाईनं कशीबशी समजूत घातली आणि फोन ठेवून तडक अजगराची खोली गाठली.

"सलोने! सत्यशीलाले काहून नाई गेली पत्रिका?"

सलोनीनं लॅपटॉपचा पडदा तिच्याकडे वळवला. चेहरा उतरला होता. "मूळ ग्राफ मी तसाच ठेवला, आई. त्याची नक्कल केली, लग्नापुरती. त्या नकलेतून वारलेले पुसले. आता रेघा लागलेलं टिंब डेटाबेस सहज पुसू देत नाही, अडून बसतो. म्हणून मी रेघांसकट तोडायचा हुकूम दिला. काका गेले, तशी काकूंची रेघही गेली. त्यांना दुसरी रेघच नव्हती. आणि आमच्या कामात अशी सुटी टिंबं कचरा म्हणून शेवटी झाडून टाकायची सवय असते."

"माहा नवरा बी नाई जिता. मग मी कशी राह्यली?"

"तुम्हाला लेकरांच्या रेघा आहेत."

मैनाबाई शाळेत दुसरीपलीकडे गेली नव्हती, पण तिला एवढं गणित पुरलं. ती पडद्यासमोर वाकली.

"मंग तू कुठं हायेस याच्यात? दाखव."

"मी नाही त्यात."

डब्यात साखर नाही म्हणून सांगावं, तशा आवाजात सलोनी बोलली.

"तुले पह्यलेच मालूम होतं?"

"हुकूम चालवायच्या आधी पाहिलं होतं. दोन नावं जात होती. काकूंना वेगळी पत्रिका पाठवायची होती, ते माझ्याकडून राहून गेलं. चुकलं माझं."

"आन तुह्यं?"

"माझं मला बरोबरच वाटलं, आई. नाही तरी जायचंच आहे."

मैनाबाई खाली बसली. गुडघ्यानं कटकन आवाज केला. बाहेर रस्त्यानं कोळशाचा ट्रक गेला, खिडकीची काच थरथरली. तो पुढे गेल्यावर ती म्हणाली, "ते मूळचं जाळं लाव."

सलोनीनं लावलं. मैनाबाईनं बोट काचेवर टेकवलं. "हा अंकुर?" हे टिंब सलोनीनं न विचारताच मांडलं होतं; अंकुर गेल्यापासून घरात हे नाव पहिल्यांदा निघालं होतं.

"हा," सलोनी म्हणाली.

बराच वेळ ते बोट तिथून हललं नाही.

"ते लग्नाचं जाळं फेक उकिरड्यावर. मेलेले राहू दे आपल्या जागी, फक्त त्याह्यले पत्रिका जाऊ नये. येवढं जमते का तुह्या अजगराले?"

"जमतं. टिंबावर 'वारले' एवढी खूण टाकली की झालं. पुसायची गरजच नव्हती."

"मंग तवाच काहून नाई बोलली, माय?"

"तुम्ही 'सगळे काढ' म्हणालात. मला वाटलं, तुम्हाला अंकुरचं नावच नको आहे. मग मीही नकोच असेन."

मैनाबाईनं पदरानं नाक पुसलं आणि दटावल्यासारखी म्हणाली, "रेघ काढ. माह्यापासून तुह्यापर्यंत. अंकुरवरून फिरवू नको, सरळ काढ."

"रेघेला नाव द्यावं लागतं, आई. आणि दिशा. कुणाकडून कुणाकडे ते."

"माह्याकडून. मोठी मी हावो."

"नाव काय देऊ? सासू?"

"सासू मले अंकुरनं केलं. ते आहेच. हे आपलं दोघीचं पाह्यजे." मैनाबाईनं बोट एका टिंबावरून दुसऱ्या टिंबावर नेलं. "लिही, घरची."

सलोनीनं लिहिलं. रेघ उमटली. डोळ्यांतलं पाणी कीबोर्डवर पडेल म्हणून तिनं तोंड बाजूला फिरवलं, तर मैनाबाईनं हनुवटी धरून ते परत आपल्याकडे वळवलं.

"आता आइक. सत्यशीलाले मी सोता जाऊन आणतं, तिचं रागावणं मी खाईन. पण तुह्यं चुकलं, सलोने. मुकुटबनले जायचं असन तं जाय, आडवी येणार नाई. मले विचारशीन तं राह्य. पण या घरातून तुले पुसायचा हुकूम माह्यापाशी नव्हता, आन तुह्यापाशी तं नव्हताच नव्हता."