नमुन्यापुरती नेलेली चकती

जावईबापूंनी नेलेली वस्तू परत आणली, इथेच खरं तर संशय यायला हवा होता. या माणसाने नेलेली शिडी, नेलेला पान्यांचा डबा, नेलेली छत्री, यांतलं काही म्हणजे काही आजवर घरी परत आलं नव्हतं. आणि ही तळहातावर मावणारी चकती मात्र मऊ फडक्यात गुंडाळून, वर छान ग्रीस लावून, सांगितल्या दिवशी हजर. थोरली घरी असती तर तिने तिथेच भुवया उंचावल्या असत्या. पण ती होती कामावर, लोकांच्या कवळ्या करत. घरात एकटे बाबा, आणि बाबांना अख्ख्या जगात कुणाचा संशय म्हणून येत नसे.

जावईबापू म्हणजे धाकटीचा नवरा. जावई तसे बाबांना दोन. पण थोरलीचा नवरा त्याच घरात राहायचा, नळ गळला की पाना घेऊन मोरीत शिरायचा, त्यामुळे त्याला जावई म्हणून कुणी मोजत नसे. मान सगळा धाकट्याला. तो आला की बाबा स्वतः उठून खुर्ची पुढे करायचे. जुन्या मोटरसायकलींचा त्याला भारी नाद. त्याच्या गॅरेजमध्ये भिंतीला काचेचं कपाट होतं आणि त्यात जुने दिवे, जुनी झाकणं, जुनी नावाची पट्टी, सगळं मखमलीवर मांडलेलं. पाहुण्यांना आधी ते कपाट बघावं लागायचं, मग चहा मिळायचा.

बाबांची मोटरसायकल मात्र कपाटातली नव्हती, रस्त्यावरची होती. रंग उडून राखाडी झालेली, म्हणून तिचं नाव भुरी. बाबा टेलिफोनच्या तारा जोडणारे. उभा जन्म खांबांवर चढण्या-उतरण्यात गेला, आणि एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत त्यांना भुरीनेच नेलं. सत्तरी उलटली तरी मांड्या लोखंडासारख्या. डोळ्यांनी दगा दिल्यावर त्यांनी भुरी रस्त्यावर काढणं आपणहून सोडलं होतं, पण रोज सकाळी ते एक किक मारायचेच. इंजिन लागलं की पाच मिनिटं शेजारी उभं राहायचं, मग बंद करायचं, आणि तिथून पायी कोपऱ्यापर्यंत पेपर आणायला जायचं. हा त्यांचा दिवस सुरू करायचा रिवाज होता आणि त्यात कुणी नाक खुपसायचं नाही.

किकच्या आत दोन दातेरी चकत्या समोरासमोर बसवलेल्या असतात. किक दाबली की एकीचे दाते दुसरीत रुततात आणि इंजिन फिरतं. जावईबापूंकडे भुरीच्याच मॉडेलची गाडी होती, चकचकीत, पण तिची एक चकती झिजून गुळगुळीत झालेली. कंपनी बंद पडून जमाना लोटला. भंगारवाले पालथे घालून झाले, परदेशातल्या हौशी लोकांना फोन करून झाले. मिळायच्या त्या सगळ्या त्याच्या चकतीहून झिजलेल्या. शेवटी त्याची नजर भुरीवर गेली.

"बाबा, नमुन्यापुरती द्या," तो म्हणाला होता. "ओतकामवाल्याला दाखवतो, तशीच करून घेतो, तुमची तुम्हाला परत."

"न्या की," बाबा म्हणाले. "जास्तीच्या करून घ्या. अजून चार जणांच्या गाड्या चालू होतील."

हे असे बाबा. आणि तो तसा.

चकती परत आणली तेव्हा बसवलीही त्यानेच. "तुम्ही कशाला हात काळे करता, बाबा," असं म्हणून वर उपकारही केले. मग बाबांनी किक मारली. पाय सटकन खाली गेला, इंजिन हललंसुद्धा नाही. पुन्हा मारली, पुन्हा सटकली, आणि या खेपेला गुडघा टाकीवर आपटला. बाबा पांढरेफटक पडले. जावईबापूंनी त्यांना खांद्याला धरून खुर्चीत बसवलं आणि शांतपणे सांगितलं, "बाबा, किकला दम लागतो. आता वय झालं. मान्य करायला हवं."

आणि बाबांनी मान्य केलं. घोळ झाला तो इथे. दुसरा कुणी असता तर किकला शिव्या घातल्या असत्या. बाबांनी स्वतःच्या पायाला दोष दिला. दुसऱ्या दिवशी पेपर आणायला गेले नाहीत. पुढच्या आठवड्यात जिना चढायचा बंद केला आणि खालच्या खोलीत झोपू लागले. डॉक्टरांना पायात काही सापडेना. जावईबापूंनी एक नक्षीदार मुठीची काठी आणून दिली, ती बाबा घरातल्या घरातही हातात धरू लागले. बघता बघता वर्ष होत आलं. खांबावर सरसर चढणारा माणूस न्हाणीघरात जाताना भिंत चाचपू लागला, आणि भुरीवर जाड कापड पडलं.

त्यानंतर जावईबापूंनी पुढचा घास घेतला. "गाडी गंजतेय, बाबा. माझ्याकडे द्या, मी जपेन." बाबांनी हो म्हटलं. रविवारी टेम्पो येणार असं ठरलं.

थोरलीला हे कळलं. बाबांची गाडी, बाबांची मर्जी. फक्त जाण्याआधी भुरीचा आवाज एकदा ऐकावा म्हणून तिने कापड काढलं आणि किक मारली. पाय सटकन खाली. नडगीवर असा दणका बसला की तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. नडगी चोळत ती तिथेच पायरीवर बसली आणि तिच्या मनात आलं, बाबांचं वय झालं, कबूल. माझं कधी झालं?

लहानपणी बाबांच्या हाताखाली तिने हे कव्हर कितीतरी वेळा उघडलं होतं. आताही उघडलं. दोन्ही चकत्या काढल्या, पुसल्या आणि थेट कामावर घेऊन गेली.

दंतवैद्य निळा कागद चावायला देतात तो तुम्हाला ठाऊक असेल. कवळी कुठे टेकते आणि कुठे अधांतरी राहते ते त्याच्या डागांवरून कळतं. थोरलीने दोन चकत्यांच्या मध्ये तो कागद धरला आणि दाबल्या. जुन्या जोडीला अगदी मुळापर्यंत डाग यायला हवे होते. इथे डाग फक्त टोकांवर. एकीचे दाते दुसरीत बसतच नव्हते, नुसते खेटून उभे होते. तिने माप घेतलं. बाबांची म्हणून परत आलेली चकती दुसरीपेक्षा जराशी लहान निघाली, बाहेरून लहान आणि दात्यांतही लहान. मधलं भोक तेवढं बरोबर होतं, कारण ते कुणीतरी आतून घासून मोठं केलं होतं. घासल्याच्या रेघा ताज्या होत्या.

वितळलेला धातू गार होताना आकसतो. एखाद्या वस्तूवरूनच साचा घेतला आणि तो थोडा मोठा धरला नाही, तर नक्कल अस्सलपेक्षा बारकी होते. धातूचे दात करताना थोरली रोज हाच हिशोब धरायची. म्हणजे तिच्या हातात होती ती नक्कल. अस्सल चकती गेली होती जावईबापूंच्या गाडीत, आणि ओतकामवाल्याने केलेलं फसलेलं पिल्लू बाबांच्या गळ्यात बांधलं होतं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एक लोखंडाचा तुकडा चोरला म्हणून नव्हे. चोरून वर बाबांना म्हातारं ठरवलं म्हणून.

ती तशीच उठून त्याच्या घरी गेली. जावईबापू गॅरेजमध्ये टाकीला पॉलिश करत होते. तिने नकली चकती त्यांच्या समोर ठेवली.

"ही बाबांची नाही."

त्याने चकतीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि आकांडतांडव तर सोडाच, साधं नाहीसुद्धा म्हणाला नाही. "ताई, असल्या वस्तू वापरून झिजवायच्या नसतात. जगात किती उरल्यात ठाऊक आहे? तुमच्याकडे रोजच्या किकने तिची वाट लागली असती."

"आणि बाबांच्या पायाची लागली ती?"

"त्यांना या वयात कुठे गाडी चालवायचीय? उलट बरं झालं, पडले-बिडले असते म्हणजे?" तो फडकं झटकत म्हणाला. "आणि रविवारी भुरी इथेच येतेय. गाडी आणि चकती एकाच घरात. मग तक्रार कसली?"

याला म्हणतात शहाजोगपणा. मुस्काटात मारावी असं थोरलीला फार वाटलं. पण दारात धाकटी उभी होती, हातात चहाचा ट्रे, आणि तिचा चेहरा बघून थोरलीने हात आवरला आणि नकली चकती उचलून घेतली.

"ताई," धाकटी फाटकापर्यंत मागे आली, "मला वाटलं, बाबांचं खरंच वय झालं."

"सगळ्यांनाच वाटलं. बाबांनाही वाटलं."

"मी ती काढून आणू त्याच्या गाडीतून?"

"नको," थोरली म्हणाली. "त्याच्याकडून भीक म्हणून काहीच नको."

आता प्रश्न असा की अस्सल नमुना हाताशी नाही, तर चकती करायची कशावरून? पण हा प्रश्न थोरलीला नवा नव्हता. तोंडात खालचे दात उरलेले नसले तरी वरचे शाबूत असतात, आणि वरचे बघून खालचे करता येतात. भुरीची दुसरी चकती तर अस्सलच होती. थोरलीने गुलाबी लगद्यात तिचं माप घेतलं, जसं माणसाच्या जबड्याचं घेतात. त्यावर मेण ओतलं, दाते कोरले, निळा कागद लावून तपासले, पुन्हा कोरले. साचा करताना आकसण्यापुरता मोठा धरला. कवळ्यांची वाट बघणारी मंडळी चार दिवस मऊ भातावर राहिली, त्याला तिचा इलाज नव्हता. पहिली ओतली तिच्या एका दात्यात हवेचा बुडबुडा निघाला. ती तिने फेकून दिली आणि नवं मेण घेतलं. दुसरी भट्टीतून निघाली ती काळीकुट्ट, पण सगळीकडून भरीव. घासून पुसून तिने ती जोडीवर दाबली. निळा रंग मुळापर्यंत उतरला.

रविवारी सकाळी बाबा खिडकीशी बसले होते, भुरीकडे पाठ करून. थोरलीने काही न सांगता नकली चकती त्यांच्या हातात दिली. डोळे अधू असले तरी बोटं अधू नव्हती. बाबांनी अंगठा गोल फिरवला, थांबले, पुन्हा फिरवला.

"ही कुणाची?"

"तुमचीच. जावईबापूंनी परत आणलेली."

"छे. माझ्या चकतीच्या एका दात्याला नख अडकेल अशी खाच होती, इथे ती नुसती पुसट उमटलीय. खांबाच्या कामावर कानस नव्हती म्हणून दगडावर घासली होती मी." अंगठा तिसऱ्यांदा फिरला आणि मग जागच्या जागी राहिला. थोरलीला वाटलं, आता समजवावं लागणार. पण बाबांनी वायरी जोडण्यात जन्म काढला होता. कुठली तार कुठे जाते ते त्यांना कुणी समजवायची गरज नव्हती.

"तू केलीस ती दाखव," ते म्हणाले.

नवी चकती त्यांनी स्वतः बसवली. थोरलीने दिवा धरला, पाना दिला, बाकी हात लावला नाही. काठी भिंतीला टेकवलेली तशीच राहिली. बाबांनी किकवर पाय ठेवला आणि क्षणभर काहीच केलं नाही. घाबरले होते ते. खांबाला न घाबरलेला माणूस एका किकला घाबरला होता. मग त्यांनी अंगाचा भार टाकला. किक धरली, जड गेली, पूर्ण फिरली, आणि वर्षभर मुकी बसलेली भुरी दोनदा खोकून लागली.

बाबांनी ती बंद केली. पुन्हा किक मारली. पुन्हा लागली. पुन्हा बंद केली. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद बिनंद काही नव्हता, ओठ घट्ट आवळलेले होते. एखाद्याचं म्हणणं खोडून काढावं तसे ते किकमागून किक मारत राहिले.

त्यातच टेम्पो आला. पुढच्या सीटवरून जावईबापू उतरले, मागून धाकटी. आवाज ऐकून जावईबापू फाटकातच थबकले. या खेपेला खुर्ची पुढे करायला बाबा उठले नाहीत. ते उभेच होते.

"काय काय चढवायचंय?" टेम्पोवाल्याने विचारलं.

"ती," बाबांनी भिंतीला टेकवलेल्या काठीकडे बोट दाखवलं. "यांची आहे. राहून गेली होती."

टेम्पोवाला काठी उचलायला गेला आणि मग इतरांचे चेहरे बघून थांबला. जावईबापू घसा खाकरून म्हणाले, "बाबा, तसं काही नव्हतं मनात. चकती उद्या सकाळीच आणून देतो."

"चकती राहू द्या तुमच्या गाडीत, जावईबापू," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "माझं वर्ष तेवढं आणून द्या."

धाकटी नवऱ्याच्या बाजूने निघून बहिणीशेजारी येऊन उभी राहिली. बाबांनी इंजिन बंद केलं, खिशात सुट्टे आहेत का ते चाचपलं, आणि टेम्पोला वळसा घालून पेपर आणायला कोपऱ्याकडे चालू लागले.