दोन कड्यांचं दार

पिंपरीच्या माळावर कारखान्यांची बांधकामं सुरू झाली आणि गावातल्या गोठ्यांना खोल्या म्हणायची पद्धत पडली. शेण काढून चुना मारला की खोली तयार. दौलतरावांनी आम्हाला खोली दाखवली तेव्हा आतली म्हैस नुकतीच बाहेर बांधली होती. तिचं नाव रंभा. ती आमच्याकडे बघत होती.

"आडनाव?" दौलतरावांनी विचारलं. जात विचारली तर हल्ली कायदा लागतो, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून ते आडनावावर भागवत.

"गायकवाड."

"मंग पाव्हणंच की! आमची आत्या गायकवाडांत दिल्याली हाय."

आमच्या गायकवाडांत त्यांची आत्या कुणी दिलेली नव्हती. पण जागा पाहिजे असताना मी कुणाचीही आत्या नाकारत नाही.

माझ्या बायकोची, यशोदेची, अट एकच होती. आतून कडी लागणारं दार. बीडकडच्या आमच्या घराला दार म्हणून पोतं होतं. कुणीही यावं, पोतं सारावं आणि 'चल रे वेठीला' म्हणावं. कडी असेल तिथंच नांदेन, असं सांगून ती माझ्याबरोबर आली होती.

इथल्या दाराला कडी होती. बाहेरून.

"गोठ्याला बाहेरनंच असती," दौलतराव म्हणाले. "आतनं कडी लावनारं जनावर आमी अजून पाळलं न्हाई."

संध्याकाळी रंभा माळावरून आली, लिंबाखालच्या नव्या खुंट्याला वळसा घालून सरळ आत शिरली आणि आमच्या अंथरुणावर उभी राहिली. तिच्या मते पाहुणे आम्ही होतो. हाकलली तर तिनं दूध चोरलं. तिचं दूध कारखान्याच्या साहेबांच्या बंगल्यावर रतिबाला जायचं, त्यामुळे दौलतरावांनी लगेच न्याय दिला : रंभा आत राहील.

"मग भाडं?" मी विचारलं.

"भाडं तेवढंच. ती काय खाती तुमचं?"

"माझं लुगडं खाल्लं," यशोदा म्हणाली.

पुढे पुढे तर यशोदा समोर उभी राहून बोलायला लागली तरच रंभा पान्हा सोडायची. दौलतराव धार काढत आणि यशोदा तिच्या कानाशी अंगाई म्हटल्यासारख्या आवाजात दौलतरावांना शिव्या घाले. दूध वाढलं.

दसऱ्यानंतर मी रंभेच्या खुंट्यामागच्या भिंतीवर एक तसबीर लावली.

"ह्यो कोन?" दौलतरावांनी विचारलं.

"बुद्ध."

"कुनाचा?"

"आमचा. या दसऱ्यापासून."

त्यांच्या चेहऱ्यावरून आत्या हळूहळू माहेरी निघालेली मला दिसली.

"गायकवाड म्हनला व्हतास!"

"आहेच."

"माझी आत्या बाटवलीस तू!"

"मी त्यांना पाहिलेलंसुद्धा नाही."

भांडी रस्त्यावर आली, पाठोपाठ आम्ही. गाव जमलं. कुणी दगड उचलला नाही, पण दगड कुठे पडलेत ते सगळ्यांनी बघून ठेवलं. मग शुद्धी झाली. म्हशीवर गाईचं मूत शिंपडलं. असा अपमान रंभेनं आधी सोसला नसावा.

आम्ही कारखान्याच्या कुंपणापाशी एका सिमेंटच्या नळात राहायला गेलो. यशोदेनं दोन्हीकडून वाकून पाहिलं.

"दारं दोन," ती म्हणाली, "कडी एकालाबी न्हाई."



दौलतराव आले ते पाच पावलांवर थांबले. धोतरावर शेणानं उमटलेला खूर होता. साहेबांनी रतीब दुसरीकडे लावायचं ठरवलं होतं.

"चल," ते नळाकडे बघून म्हणाले. "म्हशीसंग बोलायचंय. शिवायचं न्हाई, नुस्तं बोलायचं. बोलन्याचा इटाळ व्हत न्हाई, गुरवाला इचारलंय."

"गुरवालाच उभा करा की मग," मी म्हणालो.

"केला व्हता. लाथ बसली त्याला."

नळातून यशोदेचा आवाज आला, "आतून कडी."

"आं?"

"आधी आतून कडी. मग बोलते."

"माजलासा!" दौलतराव ओरडले. "तुमच्या जातीला—" इथे त्यांना कायदा आठवला असावा. बाकीची शिवी त्यांनी घरी नेली.

दुसऱ्या दिवशी सुतार आला. गोठ्याच्या दाराला आतून नवी कडी बसली आणि आमची भांडी परत आत आली. यशोदेनं ती लावली, काढली, पुन्हा लावली.

"बाहेरची काढायची राहिली," मी म्हणालो.

"ती गोठ्याची हाय," दौलतराव म्हणाले.

तेव्हापासून दिवस मावळला की यशोदा आतून कडी घालते. लगेच बाहेर वहाणा वाजतात आणि दौलतराव बाहेरून घालतात. मध्ये रंभा.

सकाळी ते बादली घेऊन येतात, आपली कडी काढतात, दार ढकलतात. दार हलत नाही.

"उघडा," ते म्हणतात.

यशोदा वेणी घालत असते.

"उघडा की."

रंभासुद्धा मान वळवत नाही.